‘पोहोचला असेल’ फ्रेंचमध्ये म्हणायला शिकताना

21 जुलै 2023, शुक्रवार. बेनिनच्या कोतोनू शहरातून एका ग्राहकाची मेल आली. जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी निर्यातीची कागदपत्रं पाहते. बेनिन हा कापूस पिकवणारा देश आहे आणि तिथला सरकारी कारभार फ्रेंचमधून चालतो. बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतली होती, पुढे कॉलेजात दोन वर्षं केली, त्यामुळे अशा मेल माझ्याकडे यायच्या.

मेलमध्ये एकच वाक्य होतं. ‘दे क नू झोरों रस्यू ला फाक्त्यूर प्रोफोर्मा, नू फरों ल व्हिरमां.’ मी वाचलं की प्रोफॉर्मा इनव्हॉइस मिळालं आहे, पैसे पाठवतो. साहेबांना तसं सांगितलं आणि आम्ही पैशांची वाट पाहत बसलो. 31 तारखेला, म्हणजे दहा दिवसांनी, ग्राहकाचा फोन आला. इनव्हॉइस त्यांना मिळालंच नव्हतं. आमच्या मेलला फाइल जोडायची राहून गेली होती आणि ते इनव्हॉइसची वाट पाहत होते. खरं वाक्य होतं, ‘इनव्हॉइस मिळालं की लगेच पैसे पाठवू.’

मी ‘नू झोरों’च्या जागी ‘नू झाव्हों’ वाचलं होतं. ‘आव्हों’ म्हणजे मिळालं आहे, ‘ओरों’ म्हणजे मिळालेलं असेल. लिहिताना दोन अक्षरांचा फरक. तेवढ्यापायी न्हावा शेवाचं ठरलेलं जहाज हुकलं. साहेब काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री ठरवलं की हा काळ नीट शिकायचा आणि नुसत्या पाठांतरावर थांबायचं नाही, परीक्षा द्यायची. फ्रेंचच्या ‘डेल्फ’ या परीक्षेची ‘बी-वन’ पातळी निवडली. त्यानंतरचं दीड वर्ष कसं गेलं ते इथे लिहिते. नागपुरात बसून, नोकरी-घर सांभाळून हे करणाऱ्या कुणाला तरी उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

ऑगस्टमध्ये एका क्लासला नाव घातलं. महिन्याला 2,500 रुपये, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात ते साडेआठ. हिंगण्याहून परतताना लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचं आणि तिथूनच क्लास गाठायचा. वर्गात बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती. शिकवणं सगळं इंग्रजीतून. ‘फ्युत्यूर आंतेरियर’, म्हणजे हाच ‘मिळालेलं असेल’चा काळ, आला तेव्हा फळ्यावर इंग्रजी ‘विल हॅव’ची चौकट काढली गेली आणि वीस वाक्यं भाषांतराला दिली. ‘2030 पर्यंत मी घर विकत घेतलेलं असेल’ या छापाची. वीसही बरोबर आली. पण कोतोनूची मेल पुन्हा काढून वाचली तेव्हा पहिल्या नजरेला डोळे पुन्हा ‘आव्हों’च वाचायला निघाले.

कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. इंग्रजीत ‘व्हेन’ किंवा ‘ॲज सून ॲज’ आलं की पुढे भविष्यकाळ येत नाही, तिथे वर्तमानाचंच रूप चालतं. म्हणजे माझ्या मेलमधलं वाक्य इंग्रजीत केलं तर ‘विल हॅव’ येतच नाही. इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे जाणारा नेमका याच वळणावर चुकतो. तीन महिने केले, 7,500 रुपये झाले, आणि दिवाळीनंतर मी तो क्लास सोडला. मुलांना तो चांगला होता. माझी अडचण वेगळी होती.

जानेवारी 2024 पासून खरे टाऊनला एका निवृत्त सरांकडे जायला लागले. रविवारी सकाळी दोन तास, बुधवारी एक तास, महिन्याचे 3,000 रुपये. सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. मी मेलची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यांनी विचारलं, “हे वाक्य तुम्ही घरी कसं बोलाल?”

“बिल मिळाल्यावर पैसे पाठवू.”

“मग ते ‘मिळाल्यावर’ लिहून ठेवा. मुख्य क्रियापद भविष्यातलं आणि आधी ‘-ल्यावर’ किंवा ‘-लं की’ असेल, तर फ्रेंचमध्ये ‘कां’ किंवा ‘दे क’ घाला आणि पुढे फ्युत्यूर आंतेरियर. ‘तो आल्यावर आम्ही जेवलो’ हे मात्र यात धरू नका, ते होऊन गेलेलं आहे.”

घरी येऊन साध्या दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे फ्रेंच. पहिली ओळ होती, ‘काम संपल्यावर मी फोन करीन.’ समोर, ‘कां जोरे फिनी, ज तेलेफोनरे.’ इंग्रजीला त्या वहीत एकही रकाना ठेवला नाही.

रूपं बनवायला हा काळ कठीण नाही, हे आधीच सांगते, कारण नाव ऐकूनच लोक घाबरतात. ‘आव्हवार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या सहायक क्रियापदाचं साध्या भविष्यातलं रूप घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे आपलं ‘गेला, केलं, मिळालं’ हे रूप, जोडायचं. जोरे फिनी, त्यू ओरा फिनी, इल ओरा फिनी, नू झोरों फिनी, वू झोरे फिनी, इल झोरों फिनी. ‘एत्र’चं तसंच, ज सरे पार्ती, त्यू सरा पार्ती, इल सरा पार्ती, नू सरों, वू सरे, इल सरों पार्ती. लिहिताना सहा रूपं, कानाला मात्र तीनच ऐकू येतात: ओरे, ओरा, ओरों. म्हणून घोकताना कर्ता सोडून घोकू नका, नाहीतर ऐकण्याच्या पेपरात ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांत गोंधळ होतो.

नकारात ‘न’ आणि ‘पा’ सहायकाच्या दोन बाजूंना बसतात, ‘ज नोरे पा फिनी.’ ‘देजा’ म्हणजे आधीच, तोही सहायक आणि पार्तिसिप यांच्या मध्येच जातो.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. फ्रेंचच्या साध्या भविष्याचे प्रत्यय म्हणजे मुळात ‘आव्हवार’चीच वर्तमानातली रूपं आहेत. बोलीतल्या लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाला ‘असणे’, ‘जवळ असणे’ अशा अर्थाचं रूप जोडत, ते हळूहळू चिकटून एकजीव झालं. त्यानंतर ते प्रत्यय मला पाठ करावे लागले नाहीत. ए, आ, आ, ओं, ए, ओं मी वर्तमानकाळात आधीच शिकले होते.

तरी अजून आत कुठे काही हललं नव्हतं. ते हललं फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी. मुलगा लक्ष्मीनगरला ट्यूशनला जातो, साडेआठला येतो. त्या दिवशी साडेनऊ झाले तरी आला नाही, फोनही लागेना. मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते, अक्षरं दिसत नव्हती. सासूबाई दारात उभ्या राहून रस्ता पाहत होत्या. त्या मूळच्या काटोलच्या. तिकडे ‘असेल’चं ‘असन’ होतं. त्या माझ्यासाठी आणि स्वतःसाठीही बोलत होत्या, “सायकल पंचर झाली असन. फोनची बॅटरी गेली असन. मित्राकडं थांबला असन थो. तू कायले घाबरून राहिली?”

पावणेदहाला तो सायकल ढकलत आला. खरंच पंक्चर होती.

सगळे जेवून झोपल्यावर मी वही पुन्हा ओढली आणि त्यांची वाक्यं डावीकडे लिहून काढली. थांबला असेल. बॅटरी गेली असेल. ही भविष्याची वाक्यं नव्हती, घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज होता. आणि प्रत्येकात ‘असणे’चं भविष्यातलं रूप अधिक ‘गेला, थांबला’ होतंच. फ्रेंच व्याकरणात या काळाचा आणखी एक उपयोग दिलेला असतो, अंदाज वर्तवण्याचा. क्लासमध्ये तो एका ओळीत उरकला होता. ‘इल ओरा राते ल ब्यूस’, त्याची बस चुकली असेल. ‘सों तेलेफोन स सरा देशार्जे’, त्याच्या फोनची बॅटरी उतरली असेल. मी आयुष्यभर हा काळ बोलत आले होते. दिवसातून दहा वेळा. शाळेत त्याला पूर्ण भविष्यकाळ म्हणत, तेवढंच आठवत होतं.

त्या रात्री बाराला मी सरांना मेसेज केला. उत्तर सकाळी सहाला आलं, “आता ‘असतं’ही पाहा.” तेही पाहिलं. ‘जोरे फिनी’ आणि ‘जोरे’च्या शेवटी एक एस लागून होणारं दुसरं रूप कानाला जवळजवळ सारखंच वाटतं, खुद्द फ्रेंच लोकांतही बरेचजण फरक करत नाहीत. पण पहिल्याचा अर्थ ‘संपवलं असेल’ आणि दुसऱ्याचा ‘संपवलं असतं’. असेल आणि असतं. आपल्या पाच वर्षांच्या पोराचीही यात चूक होत नाही. ऐकताना पुढचं-मागचं वाक्य पाहून ‘असेल’ बसतं की ‘असतं’ एवढंच मनात विचारायचं.

मार्च-एप्रिल मी वाक्यं गोळा केली. मेट्रोत, भाजीवाल्याकडे, ऑफिसच्या कँटीनमध्ये. ‘साहेब निघाले असतील.’ ‘दूधवाला येऊन गेला असेल’ म्हणजे ‘ल लेतिये सरा पासे.’ ‘तो विसरला असेल’, ‘इल ओरा उब्लिये.’ दिवसाला तीन, जास्त नाही. दोन महिन्यांत दीडशेच्या वर झाली. एखादी गोष्ट कराच असं सांगायचं झालं तर मी ही सांगीन: आजूबाजूच्या माणसांच्या तोंडचं ‘असेल’ टिपा.

आता सगळ्यांत अवघड भाग, ‘आव्हवार’ की ‘एत्र’, आणि पार्तिसिपला लिंग-वचन लावायचं की नाही. यावर माझे चार महिने गेले. मे महिन्यात सर मुलीकडे गेले होते. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा, दुपारी कूलरसमोर बसून मी एकटीच तक्ते करत होते. तेव्हा वाटलं की मला किल्ली सापडली. ‘ती गेली’, ‘ती आली’, ‘ती पडली’ यांत ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, पडणं, जन्मणं, मरणं, राहणं यांना ‘एत्र’ लागतं आणि पार्तिसिप कर्त्याप्रमाणे बदलतं. ‘तिने पत्र लिहिलं’मध्ये ‘ने’ आहे, म्हणून ‘आव्हवार’. कर्तरी आणि कर्मणी! आनंदाने सगळी वही त्या नियमाने भरली.

जूनमध्ये सरांनी ती वही पाहिली आणि लाल पेनाने चौदा वाक्यं कापली. आपण ‘ती जेवली’, ‘ती झोपली’, ‘ती विसरली’ हे ‘ने’शिवाय म्हणतो, पण फ्रेंचमध्ये या तिघींना ‘आव्हवार’ लागतं. उलट ‘तिने हात धुतले’ला आपण ‘ने’ लावतो, पण तिथे क्रियापद स्वतःशी जोडलेलं असल्याने फ्रेंच ‘एत्र’ घेतं, ‘एल स सरा लाव्हे ले मॅं.’ सर म्हणाले, “मराठी तुम्हाला दारापर्यंत आणील. आत मात्र यादी पाठ करूनच जावं लागेल.” ती सतरा-अठरा क्रियापदांची यादी आणि सोबत सगळी स्वतःशी जोडलेली क्रियापदं मी शेवटी तशीच पाठ केली. त्याला पर्याय सापडला नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीने शेवटपर्यंत साथ दिली. ‘आव्हवार’ असेल तर पार्तिसिप बदलत नाही, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतं. वर्गात हा नियम म्हणजे डोकेदुखी होती. पण आपल्याकडे कर्म आधीच येतं आणि क्रियापद त्याच्याप्रमाणेच बदलतं, ‘मी लिहिलेली पत्रं’, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’. ‘मी पत्रं लिहिलेली असतील’ या अर्थी कर्म नंतर आलं तर ‘जोरे एक्री’, आणि ‘मी लिहिलेली असतील ती पत्रं’ असं म्हणायचं तर ‘ले लेत्र क जोरे एक्रीत’. इथे शेवटचा ‘त’ ऐकूही येतो. ‘पार्ती’सारख्या शब्दात तो फरक कानाला कळत नाही, फक्त लिहिताना शेवटी रोमन ई आणि एस वाढतात, म्हणून मी ‘एक्रीत’च पाठ ठेवलं. कुठे अडलं की ते वाक्य मनात म्हणते.

ऑगस्टमध्ये एक सराव पेपर दिला. पंचवीसपैकी अकरा. निबंधात तीन ठिकाणी मी ‘सी’नंतर हा काळ वापरला होता. ‘सी’ म्हणजे जर, आणि अटीच्या ‘सी’नंतर भविष्यकाळ येत नाही, कुठलाच. ‘काम संपलं असेल तर ये’ यात मराठीत ‘असेल’ आहे, फ्रेंचमध्ये तिथे साधं ‘संपलं आहे’ हेच येतं. माझी लाडकी ‘असेल’ची किल्लीच इथे घात करत होती. त्या दिवशी फार निराश झाले. फुटाळा तलावावर जाऊन अर्धा तास बसले, परत येऊन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘जर आलं तर असेल नाही.’

सप्टेंबर 2024 मध्ये अर्ज भरला. मी पुण्याचं केंद्र निवडलं, कारण कोथरूडला मामा राहतात. हे तपशील लिहून ठेवते. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा, डिप्लोमावर तेच छापून येतं. जन्मगावही छापून येतं. आधी कधी डेल्फची कुठलीही पातळी दिली असेल तर जुना उमेदवार क्रमांक विचारतात, तो शोधून ठेवा. फी पातळीप्रमाणे वेगळी असते आणि बदलत राहते, त्यामुळे केंद्राकडूनच विचारून घ्या. बाकी माझा खर्च असा झाला: पहिला क्लास 7,500, सर दहा महिन्यांचे 30,000, रेल्वेचे जाता-येता 3,000, वह्या आणि प्रिंट 900. राहण्या-जेवण्याचा खर्च मामींमुळे वाचला. बोलावण्याचं पत्र ईमेलवर आलं. त्यात लेखी आणि तोंडी परीक्षेच्या वेळा वेगवेगळ्या असतात, परतीचं तिकीट ते हातात आल्यावरच काढा. मी आधी काढलं होतं, ते रद्द करावं लागलं.

डिसेंबरमध्ये रात्रीच्या गाडीने निघाले. थंडी होती, डब्यात झोप लागली नाही. वही काढली नाही, सरांनी बजावलं होतं.

परीक्षा अशी असते. ऐकण्याचा पेपर साधारण पंचवीस मिनिटं, वाचन पंचेचाळीस, लेखन पंचेचाळीस, त्यात किमान 160 शब्द लिहायचे. तोंडी पंधरा मिनिटांची, तिचे तीन भाग, आणि तयारीला दहा मिनिटं मिळतात ती फक्त तिसऱ्या भागासाठी. प्रत्येक विभाग 25 गुणांचा, एकूण 100 पैकी 50 हवेत आणि कुठल्याही विभागात 5 च्या खाली गेलं तर नापास. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही.

लेखनात मी हा काळ दोनदाच वापरला. ‘कां’नंतर एकदा, आणि ठरावीक दिवसापर्यंत काम झालेलं असेल अशा अर्थी एकदा. जास्त वापरायचा मोह झाला होता, आवरला. तोंडीत दुसऱ्या भागात तोंडून ‘सी जोरे’ निघालंच. लगेच थांबले, ‘पार्दों’ म्हणाले आणि वाक्य पुन्हा सुरू केलं. समोरच्या बाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर जिन्यात बसून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला.

निकालाला काही आठवडे लागले, ते दिवस लांब होते. जानेवारी 2025 च्या अखेरीस कळलं, 58 गुण. तोंडीत सगळ्यांत कमी. आधी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते मामांनी माझं अधिकारपत्र दाखवून केंद्रातून आणलं. मूळ डिप्लोमा फ्रान्सहून येतो, त्याला आणखी काही महिने लागतात. कुठे प्रवेशासाठी किंवा व्हिसासाठी हवा असेल तर हा वेळ हिशेबात धरा. डेल्फची मुदत संपत नाही, एकदा मिळालं की कायमचं.

सरांना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी मागची वही मागून घेतली. एका नवीन विद्यार्थ्याला दाखवायची होती.

फेब्रुवारीत कोतोनूची नवी ऑर्डर आली. इनव्हॉइस जोडलं, दोनदा उघडून पाहिलं. मग लिहिलं, ‘ले पिएस सरों पार्ती आव्हां व्हांद्रदी’, शुक्रवारच्या आत सुटे भाग निघालेले असतील. ‘पिएस’ स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून ‘पार्ती’च्या शेवटी रोमन ई आणि एस. ते बरोबर आहे ना, हे बोट ठेवून पाहिलं आणि मेल पाठवली. तासाभरात उत्तर आलं, दोनच शब्दांचं, ‘ब्यॅं रस्यू.’ मिळालं.